प्रकल्प नोंदी: नेरूळच्या अर्ध्या कोर्टवरची मुलाखत

काम: सुमारे २४ मिनिटांचा माहितीपट. एक अभिनेत्री, तिचं नेरूळमधलं वाढणं, बास्केटबॉल आणि मालिका-सिनेमातलं काम. अट एकच: ती बोलेल ती खेळता खेळता. मुलाखत एकीकडे आणि वरून चिकटवायची 'खेळतानाची दृश्यं' दुसरीकडे, असं करायचं नाही. नोंदी दिग्दर्शन, कॅमेरा आणि साउंड या तिन्ही विभागांच्या मिळून आहेत.

४ जानेवारी २०२५ : रेकी (जागेची पाहणी), कोर्टची मापं

सेक्टरच्या मधोमध सार्वजनिक मैदान. सिमेंटच्या कोब्यावर ॲक्रिलिक रंग, दोन खांब, दोन बोर्ड. पलीकडच्या बोर्डाला तडा गेलाय आणि रिंग वाकली आहे, म्हणून शूट अर्ध्या कोर्टवर. फिबाच्या (बास्केटबॉलची आंतरराष्ट्रीय संघटना) मापाने पूर्ण कोर्ट २८ × १५ मीटर, म्हणजे आपल्याकडे १४ × १५ मीटर. तेवढं पुष्कळ झालं. तशीही शहरातली बहुतेक पोरं एका रिंगवरच मोठी होतात.

थ्री-पॉइंटची रेषा (जिच्या मागून टाकलेल्या बास्केटला तीन गुण) रिंगच्या केंद्रापासून ६.२५ मीटरवर निघाली. आजचं माप ६.७५ मीटर आहे, बदल २०१० मध्ये झाला. म्हणजे आखणी जुनी आणि त्याच रेषांवर रंगाचे हात चढत गेलेले. नव्याने आखायची आर्टवाल्यांची तयारी आहे, पण नको. अभिनेत्री याच रेषेवरून शिकल्या, पाय अजून त्याच अंतरावर थांबतात. रेषा अर्धा मीटर मागे नेली तर त्यांचा प्रत्येक शॉट आखूड पडेल आणि तो का पडला हे पडद्यावर कुणालाच कळणार नाही.

रिंगची उंची वरच्या कडेपासून मोजायची, खालून नाही. हवी ३.०५ मीटर, भरली २.९९. खांब बुटका नाही, कोब्यावर थर चढत जाऊन जमीन वर आली आहे. ६ सेंटिमीटरचा फरक तसाच ठेवतोय. रिंगचा कल मात्र काढावा लागेल. पुढची कड मागच्यापेक्षा २ सेंटिमीटर खाली आहे, लटकण्याचा परिणाम. अशा रिंगवर हलका शॉट पुढच्या कडेला लागून आत लोळत नाही, बाहेर घरंगळतो. उपाय साधा: रिंगच्या प्लेटचे खालचे दोन बोल्ट सैल करून प्लेट आणि बोर्ड यांच्यामध्ये वॉशर घालायचे, लेव्हल बॉटल रिंगवर आडवी-उभी ठेवून बघायची, मग कसायचं. खाडीच्या हवेने बोल्ट गंजलेत. आदल्या दिवशी गंज काढायचा स्प्रे मारून ठेवला नाही तर बोल्ट फिरण्याऐवजी तुटतो. कसून झाल्यावर वाळूच्या २५ किलोच्या दोन गोण्या दहा मिनिटं टांगून वेल्डिंग बघायचं, तोवर रिंगखाली कुणी उभं राहायचं नाही.

नेट नाहीच. नायलॉनचं, १२ हुकांचं, ४० ते ४५ सेंटिमीटर लांबीचं आणायचं. ते कधी लावायचं आणि कधी नाही, त्याची नोंद पुढे.

कोर्ट उत्तर-दक्षिण, आपली रिंग उत्तर टोकाला. जानेवारीत सूर्य दक्षिणेकडून चालतो, म्हणजे खेळाडूच्या पाठीवर ऊन आणि रिंगखालच्या कॅमेऱ्याला चेहरा काळा. उजेड चेहऱ्यावर परतवायला ४ × ४ फुटांचे दोन थर्माकोल रिंगच्या दोन्ही बाजूंना लागतील. खेळाडूच्या वाटेत स्टँड उभा करायचा नाही, माणसाने हातात धरायचा.

६ जानेवारी : कागदपत्रं

खारघरमध्ये याहून बरं कोर्ट आहे. तरी नेरूळच. नेरूळ ठाणे जिल्ह्यात, नवी मुंबई महापालिकेत. खारघर रायगड जिल्ह्यात आणि २०१६ पासून पनवेल महापालिकेत. दोन्हीकडे शूट करायचं म्हणजे प्रत्येक अर्ज दोनदा, पोलीस ठाणीही वेगळी.

मुलं कॅमेऱ्यासमोर येणार आहेत. चौदा वर्षांखालच्या मुलांसाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, पालकांची लेखी संमती, दिवसाला पाच तासांच्या वर काम नाही आणि सलग तीन तासांनंतर विश्रांती. 'माहितीपट आहे, मुलं आपली आपण खेळतायत' हे कारण चालत नाही. ज्या क्षणी आपण एखाद्या मुलाला 'इकडून पळ' म्हणतो, त्या क्षणी ते काम होतं.

ड्रोनचा विषय बंद. नकाशावर झोन बघा, परवाना काढा, पायलट आणा, आणि एवढं करून मिळणार काय, तर पंख्याचा आवाज. वरचा शॉट शेजारच्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीतून घेऊ. सोसायटीच्या सेक्रेटरींना पत्र दिलं आहे. त्यांची अट रास्त आहे: ट्रायपॉडच्या पायांखाली रबर आणि जिन्यात केबल नाही.

११ जानेवारी : खुर्ची की कोर्ट

चाचणी. तेच प्रश्न एकदा खुर्चीत बसून, एकदा फ्री थ्रो (ठरलेल्या रेषेवरून, कुणी न अडवता मारायचा शॉट) मारत. खुर्चीतली वाक्यं गुळगुळीत आली, सुरुवात-मध्य-शेवट असलेली, प्रसिद्धीच्या मुलाखतींना सरावलेली. कोर्टवर वाक्य अर्ध्यात तुटतं, श्वास लागतो, बॉल आणायला गेल्यावर पुढचा शब्द सुचतो. फिल्म तिथे आहे. साउंडचा सगळा त्रासही तिथेच आहे.

मुख्य अडचण टप्प्याची. सिमेंटवर बॉल आपटला की एक खोल धप्प आणि त्यासोबतच चापट मारल्यासारखा एक आवाज, असे दोन येतात. खोल भाग फिल्टरने कापता येतो. चापटीचा भाग व्यंजनांच्याच पट्ट्यात बसतो, तो कापला तर 'त', 'स', 'च' बोथट होतात. शिवाय टप्पा शब्दावर पडला की एडिटमध्ये त्या ठिकाणी कात्री चालत नाही, टप्प्यांची लय लगेच लंगडते. म्हणून बोलणं तीन प्रकारांत वाटून घेतलं:

पहिला, बॉल हातात. फ्री थ्रो लाइनवर उभं राहून, बॉल बोटांवर फिरवत बोलायचं, वाक्य संपलं की शॉट. सर्वांत जास्त मजकूर यात.

दुसरा, फोमचा बिनआवाजी बॉल. कठीण जमिनीवर तो व्यवस्थित उसळतो, आवाज जवळपास शून्य. पण वजनाला फारच हलका, त्यामुळे मनगट खरं दिसत नाही आणि हात बॉलच्या आधी खाली पोचतो. म्हणून फ्रेम छातीच्या वरच. खऱ्या बॉलचे टप्पे नंतर बसवायचे, खांद्याच्या हालचालीवर. खडबडीत कोब्यावर फोमचे टवके उडतात, तेव्हा दोन जास्तीचे ठेवायचे.

तिसरा, खरा बॉल, खरा खेळ, बोलणं नाही. बोलल्या तर बोलल्या, पण त्यावर भिस्त नाही.

लॅपल माइक जर्सीच्या गळ्याशी लावला की पॉलिस्टरची खसखस येते. आतल्या स्पोर्ट्स ब्राच्या मध्यभागी, दोन बाजूंनी टेप, आणि कॅप्सूलचं तोंड खाली. तोंड वर असेल तर घामाचा थेंब थेट आत उतरतो आणि आवाज कांबळ्याआडून आल्यासारखा होतो. ट्रान्समीटर कमरेच्या मागे निओप्रीनच्या पट्ट्यात, घामापासून वाचवायला त्यावर बिनतेलाचा कंडोम. साउंडवाल्यांची ही जुनी पद्धत आहे, हसून झालं की प्रॉडक्शनने खर्चात लिहून घ्यावं. बूम (लांब काठीवरचा माइक) आहेच, पण अकरानंतर त्याची सावली कोब्यावर स्पष्ट पडते. तेव्हा बूम दक्षिणेकडून नाही, रिंगच्या बाजूने.

१२ जानेवारी : बॉल

महिलांचा बॉल ६ नंबरचा: परीघ ७१५ ते ७३० मिमी, वजन ५१० ते ५५० ग्रॅम. पुरुषांचा ७ नंबरचा: ७५० ते ७७० मिमी, ५८० ते ६२० ग्रॅम. व्यासात जेमतेम सेंटिमीटरभराचा फरक, पण क्लोजअपमध्ये पंजा लगेच मोठा-लहान दिसतो. सार्वजनिक कोर्टवर कुणाचा तरी ७ नंबरचाच बॉल असतो आणि सगळे त्यावरच शिकतात, यांचंही तेच. शाळेच्या संघात गेल्यावर ६ नंबर हातात आला. फिल्ममध्ये मुलांसोबतच्या खेळात ७, एकट्या असताना ६. दोन्ही एकाच रंगाचे, पण 'कंटिन्युइटी' (शॉट एकमेकांशी जुळणं) सांभाळणाऱ्याने वॉल्व्हशेजारी छोटी खूण करून ठेवायची.

प्रत्येक नंबरचे तीन बॉल, तिन्ही सारखे झिजलेले. नवा बॉल चकाकतो आणि हातातून निसटतो. सँडपेपर मारायचा नाही, त्याने दाणे सपाट होतात. आठवडाभर पोरांना खेळायला देणं हा एकमेव उपाय. कंपनीचं नाव मार्करने काळं केलं की डाग दिसतो, त्यापेक्षा बॉलच्याच रंगाचा मॅट रंग स्पंजने टिपायचा.

हवेचा दाब ८ पीएसआय. सुई ओली करून घालायची, कोरडी घातली की वॉल्व्हचं रबर फाटतं आणि बॉल दर तासाला बसतो. सकाळी २० अंशांना भरलेला बॉल दुपारी बंद गाडीत ४० अंशांवर गेला तर दाब सुमारे दीड पीएसआयने वाढतो. टप्पा उंच येतो, रिंगवरून बॉल लांब उडतो आणि सकाळच्या शॉटशी तो जुळत नाही. बॉल गाडीत ठेवायचे नाहीत, सावलीत, गोणपाटाखाली.

१८ जानेवारी : कॅमेरा चाचणी

सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५० सेकंद. मैदानावरचे एलईडी दिवे आपल्या ५० हर्ट्‌झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात, स्वस्त ड्रायव्हर असेल तर डोळ्याला न दिसणारी लुकलुक कॅमेरा हटकून पकडतो. १/५० मध्ये दोन पूर्ण ठोके बसतात, ठीक. स्लो मोशनसाठी ५० फ्रेमला १/१००, त्यात एक ठोका, तेही ठीक. १२० फ्रेमला पट्टे आले. म्हणजे दिव्यांखाली ५० च्या वर जायचं नाही. त्याहून हळू काही हवं असेल तर ते उन्हात.

उन्हात उलटी गंमत. आयएसओ ८००, शटर १/५०, ॲपर्चर एफ/४ ठेवायचा तर आठ स्टॉप प्रकाश कापावा लागतो (दर स्टॉपला निम्मा), म्हणजे लेन्सवर एनडी २.४ चा गडद फिल्टर. शटर वाढवून भागवायचं नाही. १/५०० ला बॉल प्रत्येक फ्रेममध्ये गोठतो आणि खेळ थरथरल्यासारखा दिसतो.

८५ मिमीच्या लेन्सने पाच मीटरवर फुल फ्रेममध्ये एफ/२ ला फोकसची खोली सुमारे ४० सेंटिमीटर. ड्रिबल करत पुढे येणारा माणूस एका पावलात त्याबाहेर. एफ/५.६ ला तीच खोली मीटरभराच्या वर जाते. मागची इमारत थोडी दिसेल. दिसू दे, तेच तर शहर आहे. पार्श्वभूमी वितळवून टाकायची हौस इथे उपयोगाची नाही. गॅलरीत वाळणारे कपडे आणि सेक्टरचा बोर्ड वाचता आले पाहिजेत.

रेषेचा नियम: रिंगपासून कोर्टच्या मध्यापर्यंतची रेषा ओलांडायची नाही, दोन्ही कॅमेरे गॅलरीच्या बाजूलाच. म्हणजे पडद्यावर हल्ला कायम उजवीकडे. ओलांडायचीच असेल तर मध्ये रिंगखालचा सरळ शॉट.

गॅलरीतल्या कॅमेऱ्याचा आवाज फक्त जुळवणीसाठी. २८ मीटरवर टप्प्याचा आवाज ०.०८ सेकंद उशिरा पोचतो, म्हणजे दोन फ्रेम. ते एडिटमध्ये सरकवायचं आधीच लिहून ठेवतोय, नाहीतर 'कॅमेरा सिंकमध्ये नाही' म्हणून उगाच धावपळ होते.

डेटा: रेकॉर्डिंगचा फॉरमॅट प्रोरेस ४२२, यूएचडी, २५ फ्रेमला एका कॅमेऱ्याचा तासाला साधारण २२१ जीबी. दोन कॅमेरे, तीन प्रती. त्यातली एक त्याच रात्री दुसऱ्या घरी.

२५ जानेवारी : काय बोलायचं, त्यावर काय दिसणार

आज फक्त मजकूर. त्यांच्या बोलण्यातून शहराचा जो भाग येतो तो इतका भरगच्च आहे की त्याला चाळण लावावी लागली. चाळण अशी: वाक्य ऐकताना मैदानात किंवा आसपास काहीतरी दाखवता आलं पाहिजे, नाहीतर वाक्य बाहेर.

लालबागच्या चाळीतून कुटुंब सिडकोच्या घरात आलं. सिडको १९७० ची, वाशीपर्यंत लोकल १९९२ मध्ये आली, महापालिकाही त्याच वर्षी १ जानेवारीला सुरू झाली. ही सनावळी निवेदनात घालायची नाही. त्याऐवजी त्या म्हणतात, 'पत्ता सांगताना रस्त्याचं नाव नसायचंच, सेक्टरचा आकडा सांगायचा.' याला चित्र आहे: बोर्ड, एकसारख्या इमारती, एकसारखे जिने. भरतीचं पाणी साठवायला सिडकोने बांधलेले धारण तलाव हाही असाच भाग. मैदानाची जमीन खोलगट आणि पावसानंतर कोर्टवर पाणी का थांबतं, ते एका शॉटमध्ये कळतं.

कोर्टची वेळ. मुलांची संध्याकाळी पाचनंतर, मुलींना मिळायची ती सकाळची सहाची. थंडीत सूर्य सव्वासातला उगवतो, म्हणजे पहिला तास दिव्याखाली किंवा अंधारात. शूटची वेळही त्यामुळे ठरली: पहाटे. छान प्रकाश मिळतो म्हणून नव्हे, त्यांचा खेळ त्या वेळेचा आहे म्हणून.

नेट नसण्याचा परिणाम हा सर्वांत मोलाचा तुकडा. नेट नसलेल्या रिंगमधून बॉल आतून गेला की बाहेरून, हे बाजूने कळत नाही, भांडण होतं. बोर्डाला लावून टाकलेला बॉल सगळ्यांना दिसतो. 'हरेल तो बाहेर' या नियमावर खेळताना ज्या बास्केटवर वाद होणार नाही तीच किमतीची. म्हणून त्यांचा ४५ अंशांतला बँक शॉट आजही नेमका आहे आणि समोरून मारलेला तितका नाही. हे नुसतं सांगून पटत नाही. आधी नेट नसलेल्या रिंगवर तीन-चार शॉट दाखवायचे, मग नेट लावून तेच. नेटचा प्रश्न यातच सुटला.

अभिनयाबद्दल त्या जे बोलतात त्यात दोन थर आहेत. एक थर तयार उपमांचा: संघभावना, हार-जीत, जिद्द. तो कापला. दुसरा थर कामाचा:

मार्कवर (नटाने थांबायची जमिनीवरची खूण) नजर न टाकता थांबणं. घोडबंदर रोडवरच्या मालिकांच्या सेटवर त्या आधी मार्कवर उभ्या राहतात आणि तिथून उलट पावलं मोजत दाराशी जातात. टेकमध्ये तीच पावलं सुलटी. ले-अपची (धावत रिंगजवळ जाऊन टाकायचा शॉट) दोन पावलंही त्या अशीच शिकल्या, रिंगखालून मागे मोजत. दोन्ही एकाच फ्रेममध्ये दाखवता येतं, कोर्टवर खडूने 'टी' काढून.

बॉलकडे न बघता ड्रिबल करणं आणि लेन्सकडे न बघता लेन्स कुठे आहे ते डोळ्याच्या कोपऱ्यातून धरून ठेवणं. मालिकेत तीन कॅमेरे असतात, त्यातला कुठला आपल्यावर आहे ते लाल दिव्याने नव्हे, कॅमेरामनच्या खांद्यावरून कळतं असं त्या सांगतात. चांगलं आहे, ठेवतोय.

रंगमंचावरून पडद्यावर येताना आवाज खाली आणणं. एकांकिकांचा आवाज वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात शेवटच्या रांगेसाठी लावलेला. माइकसमोर तोच लावला की चेहऱ्याचे स्नायूही ताणतात. इथे कोर्ट मदतीला येतं. धाप लागलेली असताना कुणी मोठ्याने बोलत नाही.

लोकलचा भाग छोटा ठेवायचा: वडाळ्याला गाडी बदलून अंधेरीची ऑडिशन, पाठपिशवीत बूट आणि साडी दोन्ही. एवढं एक वाक्य पुरे.

ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये सॅक्रॅमेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स या अमेरिकेतल्या एनबीए संघांचे सामने झाले, त्याबद्दल त्या भरभरून बोलतात. त्याचं फुटेज वापरायचं नाही, हक्कांची किंमत आपल्या सगळ्या बजेटच्या वर जाईल. त्यांचं बोलणं मात्र चालेल.

१ फेब्रुवारी : माघी गणेश जयंती

मंडपाचा स्पीकर मैदानाकडे तोंड करून. सिंक साउंड (चित्रासोबतच आवाज घेणं) अशक्य. गाणं वाक्याखाली आलं की एडिट गेलं आणि हक्कांचा प्रश्न वेगळा. आजचं शेड्यूल म्हणून आधीपासून मूक: नेट, बूट, हात, सावल्या.

बॉल रिंगमधून पडतानाचा क्लोजअप शिडीवरून बॉल सोडून घेऊ नये. सरळ खाली पडलेला बॉल नेटच्या मधून जातो आणि नेट तसं हलत नाही. खरा शॉट साधारण ४५ अंशांत उतरतो, उलटा फिरत येतो आणि नेटला मागे ढकलून वर उडवतो. फ्री थ्रोवर झालेल्या अभ्यासात सुटण्याचा कोन ५२ अंश आणि सेकंदाला तीन उलट्या फेऱ्या हे चांगले आकडे मानले गेले. तेव्हा फ्रेमबाहेर दोन-अडीच मीटरवर स्टुलावर खेळणारा माणूस बसवून त्याच्याकडून टाकून घ्यायचा. शिडीवर लाइटमनला चढवून होत नाही.

२ फेब्रुवारी : पहिला पूर्ण दिवस, फ्री थ्रो

कॉलटाइम पहाटे पाच. ॲक्रिलिकवर दव. बूट सरकतात, आणि पहिल्या उड्यांमध्ये घोट्याची दुखापत बहुधा अशीच होते. नुसता झाडू मारला की दव पसरतं, आधी रबरी वायपर, मग कोरडं सुती फडकं. शेजारच्या बांधकामाची धूळ दवात मिसळून चिखलाचा पातळ थर होतो, तो दुसऱ्या फडक्याने. बुटांचे तळवे प्रत्येक टेकआधी ओल्या कापडावर पुसायचे.

क्रम ठरवताना साधं गणित. सरावात त्यांचे दहातले सहा फ्री थ्रो पडतात. 'वाक्य संपतं आणि शॉट पडतो' असा टेक हवा असेल तर दहातले सहा वेळा मिळेल. कागदावर मात्र सलग तीन पडायला हवे होते: ०.६ × ०.६ × ०.६, म्हणजे ०.२१६. पाच टेकमधला एक, तोही वाक्यं नीट आली तर. सलग तीनची अट काढली. चुकलेले शॉट ठेवायचे असंही ठरलं, कारण चुकल्यावर त्या न थांबता रिबाउंडला (परतलेला बॉल धरायला) जातात आणि वाक्य चालूच राहतं. शब्द अडखळला तरी टेक सोडायचा नाही ही सेटवरची सवय इथे न सांगता दिसते.

पडायलाच हवेत असे शॉट पहिल्या पाऊण तासात. नंतर पाय थकतात, बॉल पुढच्या कडेला लागायला लागतो आणि कोपर बाहेर जातं. आखूड पडणाऱ्या शॉटवर 'हात अजून वर' अशी सूचना द्यायची नाही, दोष गुडघ्यात असतो. मोठ्या लाइटिंगनंतर दहा मिनिटं पुन्हा अंग गरम केल्याशिवाय उडी मारायला लावायची नाही. सिमेंट आहे, लाकडी फ्लोअर नव्हे.

घामाची जुळवणी: ग्लिसरीन आणि पाणी समप्रमाणात, स्प्रेने, कपाळ आणि मानेवर. तळहातावर थेंबही जाता कामा नये, बॉल निसटतो. जर्सीवर पाण्याचाच स्प्रे. ग्लिसरीनचा डाग धुतल्याशिवाय जात नाही.

८ फेब्रुवारी : मुलांसोबत

बारावीची परीक्षा ११ तारखेला सुरू होतेय, दहावीची २१ ला. पुढचा शनिवार मिळणार नाही. खिडक्यांतून 'आवाज कमी करा' येणार आणि तेही बरोबरच आहे. म्हणून तीन-तीनचा खेळ आजच.

खेळ बसवायचा किती, हा खरा प्रश्न. संपूर्ण बसवला की बचाव करणारा मुलगा बॉल कुठे जाणार ते आधीच जाणतो आणि शरीर अर्धा सेकंद आधी वळतं. कॅमेरा हे लपवत नाही. संपूर्ण सोडला तर दोन कॅमेऱ्यांना काहीच मिळत नाही. मधली वाट अशी: फक्त सुरुवात आणि एक स्क्रीन (बचाव करणाऱ्याची वाट अंगाने अडवणं) ठरवायचा. बॉल वरच्या टोकाला, उजवीकडून स्क्रीन, त्यापुढे जे होईल ते. कॅमेरामनला पहिले दोन सेकंद माहीत असतात, फोकस तेवढ्यात बसतो. बचाव करणाऱ्याला फक्त एवढंच सांगायचं की शॉट अडवायला हरकत नाही. मुलं वलयाला दबून अभिनेत्रीला वाट करून देतात, मग ले-अप बघवत नाही.

नियमही आधी सांगावे लागतात. आताच्या नियमात धावताना बॉल ताब्यात घेतेवेळी जमिनीवर असलेल्या पावलाला शून्य पाऊल धरतात, त्यानंतर दोन. मुलांना हे ठाऊक आहे, जुन्या खेळाडूंना ती 'चाल' वाटते. बरोबर-चूक आपण ठरवायचं नाही, वाद झाला तर कॅमेरा चालू ठेवायचा. कोर्टवरचं भांडण लिहून बसवता येत नाही.

१५ फेब्रुवारी : एडिट

पहिला जोड ३८ मिनिटांचा. जास्त झालेली १४ मिनिटं बहुतेक दुसऱ्या प्रकारातली, फोमच्या बॉलची. त्यात बोलणं स्वच्छ पण हात खोटे. जिथे फ्रेम छातीखाली गेली तिथे सरळ काढलं.

शॉट तोडायची जागा: बॉल हातातून सुटताना नाही, बोटं पुढे वाकून स्थिर झाल्यावर. सुटतानाच तोडला की पुढच्या शॉटमधला बॉल दुसऱ्याच कुणीतरी टाकलेला वाटतो. बॉल वर जाऊन खाली येण्याचा वेळ मात्र अर्ध्याने कमी केला तरी खपतो. तिथे प्रेक्षक स्वतःच वेळ भरतो.

नेट असलेले आणि नसलेले शॉट मिसळले गेले होते. २५ जानेवारीच्या मजकुराप्रमाणे क्रम पुन्हा लावला. मार्कचा खडूचा 'टी' एका वाइडमध्ये चुकून राहतो, तो काढायचा नाही.

१ मार्च : साउंड

वेगळे रेकॉर्ड केलेले आवाज: ६ आणि ७ नंबरचे टप्पे, जवळून आणि दहा मीटरवरून; नेट असलेल्या आणि नसलेल्या रिंगमधून बॉल; रिंगच्या कडेचा ठणका; पायांची घसट. लायब्ररीतला बुटांचा चीत्कार वापरायचा नाही. तो पॉलिश केलेल्या लाकडावरचा असतो, सिमेंटवर बूट खरवडतात, किंचाळत नाहीत. बास्केटबॉल म्हटलं की मिक्सिंगवाल्यांचा हात तिकडे जातोच, म्हणून फोल्डरच काढून ठेवलं.

नेट नसलेल्या शॉटखाली 'स्स्' आवाज नको. तिथे फक्त बॉल जमिनीवर आपटल्याचा आवाज आणि त्यानंतर पोरांचा गलका, 'गेला, गेला नाही'.

पार्श्वभूमीला हार्बरची लोकल कायम दूर. मैदानापासून ती खरोखर जितकी ऐकू येते तितकीच. प्रसारणाची प्रत −२३ एलयूएफएसवर (आवाजाच्या सरासरी पातळीचं माप). फोमच्या बॉलवर बसवलेले टप्पे संवादाच्या सहा-सात डीबी खाली, नाहीतर ते नंतर चिकटवलेत हे लगेच कळतं. सबटायटल मात्र अजून बाकी: 'हरेल तो बाहेर' सगळीकडे एकाच तऱ्हेने यायला हवं, आणि सेक्टरचे आकडे अक्षरांत नको, अंकांतच.